वहीतून खोडलं, शेतात उरलं

लग्नाच्या व्हिडिओची ५० जीबीची फाइल पेनड्राइव्हवरून लॅपटॉपवर घ्यायला बसलं, की चहा टाकून, पिऊन, कप विसळून झाला तरी ती हिरवी पट्टी अर्ध्यातच रेंगाळत असते. तीच फाइल काढून टाकायला मात्र पापणी लवायचाही वेळ लागत नाही. डिलीट दाबलं, ‘नक्की ना?’ असं विचारलं गेलं, हो म्हटलं, संपलं. रिसायकल बिन रिकामा केला तरी फार तर दोन-तीन सेकंद. आता डिस्कच्या बाजूने विचार करा. लग्नाचा व्हिडिओ लिहायचा काय किंवा त्याच जागेवर नुसती शून्यं लिहायची काय, तिला दोन्ही सारखंच. दोन्हीला सारखाच वेळ लागायला हवा. मग पुसणं इतकं झटपट कसं उरकतं?

कारण पुसण्याचं काम झालेलंच नसतं. घरचा लॅपटॉप विकताना, ऑफिसातले जुने संगणक भंगारात काढताना किंवा बदललेला राउटर कुणाला देऊन टाकताना हे ठाऊक नसेल, तर आपल्या बँकेचे कागद, पॅन कार्डाच्या प्रती आणि पासवर्ड त्या खोक्यासोबत परक्याच्या घरी जातात.

डिलीट केल्यावर नेमकं काय होतं

डिस्कवर दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवलेल्या असतात. एक म्हणजे प्रत्यक्ष मजकूर. तो ५१२ किंवा ४०९६ बाइटांच्या छोट्या छोट्या कप्प्यांत असतो, त्यांना सेक्टर म्हणतात. दुसरी म्हणजे कोणती फाइल कोणत्या सेक्टरांत आहे याची नोंदवही, म्हणजे फाइल सिस्टिम. फाइल डिलीट केली की फक्त नोंदवहीत बदल होतो. तलाठ्याने दप्तरातलं नाव खोडून ‘जमीन पडीक’ असा शेरा मारावा आणि शेतात ऊस मात्र तसाच उभा असावा, असा हा प्रकार. पुढे कुणी त्या जागेत नवं पीक घेईल तेव्हाच जुना ऊस जाईल. तोवर बांधावर जाऊन बघणाऱ्याला तो दिसणारच.

जुन्या पेनड्राइव्ह आणि कॅमेऱ्याच्या कार्डांवर जी फॅट पद्धत असते, तिच्यात तर डिलीट म्हणजे नावाचं पहिलं अक्षर बदलून तिथे एक ठरावीक खूण टाकणं आणि फाइलची जागा मोकळी असल्याची नोंद करणं, एवढंच. डेटा परत मिळवून देणारी सॉफ्टवेअरं वहीवर विसंबून राहत नाहीत. ती थेट सगळं शेत तुडवत जातात. प्रत्येक जेपीईजी फोटोची सुरुवात ठरलेल्या बाइटांनी होते. ते बाइट दिसले, की इथे फोटो सुरू झाला हे नावगाव नसतानाही कळतं.

‘फॉरमॅट मारलाय, बिनधास्त द्या,’ असं दुकानदार सांगतो तेव्हा त्याने बहुतेक वेळा क्विक फॉरमॅट केलेला असतो. त्यात जुनी वही फाडून कोरी वही ठेवली जाते. शेताला हातही लागत नाही. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅटमध्ये सगळीकडे शून्यं लिहिली जातात, पण त्याला तास लागतात आणि गिऱ्हाईक समोर उभं असतं.

एमआयटीतल्या सिम्सन गार्फिंकेल आणि अभि शेलात या दोघांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापले. त्यांपैकी १२९ चालू स्थितीत होत्या आणि नीट पुसलेल्या होत्या फक्त १२. बाकीच्यांत पाच हजारांहून जास्त क्रेडिट कार्ड क्रमांक सापडले. एक डिस्क तर चक्क एटीएम यंत्रातली होती. या डिस्क विकणारे काही सगळेच बेफिकीर नव्हते. पुष्कळांनी डिलीट किंवा फॉरमॅट केलं होतं आणि आपण पुसलं अशीच त्यांची समजूत होती.

हार्ड डिस्क: नांगर एकदाच पुरतो

फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कचा इलाज सरळ आहे. पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत शून्यं किंवा अर्थहीन आकडे लिहून टाकायचे. याला ओव्हरराइट म्हणतात. चुंबकीय थरावरची जुनी दिशा जाऊन नवी येते.

पण किती वेळा लिहायचं? इथे एक जुनी दंतकथा अजून मूळ धरून आहे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठाच्या पीटर गटमन यांनी १९९६ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. नव्या लिखाणाखाली जुन्या चुंबकत्वाचा अंश उरतो आणि खास सूक्ष्मदर्शकाने तो कदाचित वाचता येईल, असा त्यांचा मुद्दा होता. त्यासाठी त्यांनी ३५ वेळा लिहिण्याचा क्रम दिला. हा आकडा एवढा मोठा झाला, कारण त्या काळी डिस्कवर मजकूर बसवण्याच्या अनेक पद्धती होत्या आणि क्रमात सगळ्यांची तजवीज केली होती. एका डिस्कला ते पस्तीसही फेरे कधीच लागणार नव्हते. पुढे गटमन यांनीच निबंधाला पुरवणी जोडून लोक या क्रमाकडे मंत्रतंत्रासारखे बघू लागल्याची तक्रार केली. तरी ‘३५ वेळा’चं बटण काही सॉफ्टवेअरांत आजही दिमाखात बसलेलं असतं. हिशेब करा: ४ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबी वेगाने एकदा पूर्ण लिहायला साडेसात तासांच्या आसपास लागतात. ३५ वेळा म्हणजे दहा दिवसांहून जास्त. आजच्या डिस्कवरच्या पट्ट्या इतक्या बारीक आणि दाट झाल्या आहेत, की एकदा नीट लिहिल्यावर खालचं वाचण्याजोगं काही उरत नाही. ते दहा दिवस म्हणजे निव्वळ विजेचं बिल.

खरी मेख दुसरीकडे आहे. सेक्टर खराब होऊ लागला, की डिस्क त्याला गुपचूप बाजूला करते आणि राखीव साठ्यातला दुसरा सेक्टर त्याच्या जागी लावते. बाजूला पडलेल्या सेक्टरात जुना मजकूर असू शकतो, पण संगणकाला तो आता दिसतच नाही. मग त्यावर लिहिणार कसं? शिवाय काही डिस्कांत संगणकापासून लपवून ठेवलेला वेगळा भागही असतो. म्हणून डिस्कच्या आतल्या नियंत्रकालाच ‘तू स्वतः सगळं पूस’ अशी आज्ञा देण्याची सोय केलेली आहे. तिचं नाव सिक्युअर इरेझ. हार्ड डिस्कच्या बाबतीत ही आज्ञा वापरणं म्हणजे थोडी जास्तीची काळजी. एसएसडीच्या बाबतीत तिच्यावाचून गत्यंतर नाही.

एसएसडी: लिहायला सांगाल तिथे ती लिहीतच नाही

एसएसडीत फिरणारं काही नसतं. सिलिकॉनच्या सूक्ष्म कोठड्यांत विद्युतभार कोंडून ठेवायचा, अशी तिची तऱ्हा. तिची एक अडचण मुळातली आहे: एकदा लिहिलेल्या पानावर, म्हणजे कोठड्यांच्या गटावर, पुन्हा लिहिता येत नाही, आधी ते कोरं करावं लागतं. आणि एकटं पान कोरं करता येत नाही. शेकडो पानांचा अख्खा ब्लॉक एकदम कोरा करावा लागतो. त्यातून प्रत्येक ब्लॉक ठरावीक वेळाच कोरा करता येतो, मग तो झिजतो.

म्हणून एसएसडीचा नियंत्रक चलाखी करतो. तुम्ही एखाद्या फाइलवर पुन्हा लिहिलंत, तर तो नवा मजकूर भलत्याच कोऱ्या पानावर ठेवतो, ‘अमुक पत्ता आता इथे’ अशी स्वतःच्या खासगी तक्त्यात नोंद करतो आणि जुनं पान शिळं म्हणून सोडून देतो. झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून तो हे सतत करत असतो. म्हणजे इथे तलाठ्याच्या वर आणखी एक तलाठी बसलेला आहे. गट नंबर तोच ठेवून तो दर वेळी जमीनच बदलतो. तुम्ही नांगर फिरवता ते दुसऱ्याच रानात. शिवाय एसएसडीवर जेवढी जागा छापलेली असते त्याहून थोडी जास्त आत असते, आणि त्या जादा जागेपर्यंत तुमचं ओव्हरराइट पोचेलच असं नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या संशोधकांनी २०११ मध्ये याची परीक्षा घेतली. त्यांनी एसएसडीतल्या चिपा उचकटून, नियंत्रकाला बाजूला सारून, थेट वाचल्या. एकच फाइल ‘सुरक्षितपणे’ पुसण्याच्या ज्या पद्धती हार्ड डिस्कसाठी निघाल्या होत्या, त्यांतली एकही एसएसडीवर लागू पडली नाही. त्याहून धक्कादायक म्हणजे एका एसएसडीने सिक्युअर इरेझची आज्ञा घेतली, काम फत्ते झाल्याचं कळवलं आणि आतला सगळा डेटा जसाच्या तसा होता. ॲपलने २०१५ मध्ये मॅकमधली कचरापेटी सुरक्षितपणे रिकामी करण्याची सोय काढूनच टाकली. जे वचन पाळता येत नाही ते बटण कशाला ठेवा, हा विचार मला तरी पटतो.

मग करायचं काय? आज्ञा नियंत्रकालाच द्यायची. साटा जातीच्या एसएसडीला सिक्युअर इरेझ, नव्या एनव्हीएमई जातीला सॅनिटाइझ. कंपनीच्या सॉफ्टवेअरातून किंवा लिनक्समधून ती देता येते आणि बरेचदा मिनिटभरात उरकते, कारण इथे सगळे ब्लॉक एकदम कोरे होतात. करताना एक गोष्ट हमखास आडवी येते. संगणक सुरू होतानाच त्याचा बायॉस साटा डिस्कला ‘ही आज्ञा ऐकू नकोस’ असं सांगून ठेवतो, व्हायरसने सगळं पुसू नये म्हणून. पडद्यावर ‘फ्रोझन’ असं दिसतं. लॅपटॉप एकदा स्लीप करून जागा केला, की बहुतेक वेळा ही बंदी उठते. यूएसबीच्या डबीत घातलेल्या डिस्कला मात्र ही आज्ञा अनेकदा पोचतच नाही. ती थेट संगणकाला जोडावी लागते.

किल्लीच नष्ट करायची

याहून देखणा मार्ग आहे तो एन्क्रिप्शनचा. डिस्कवर जे लिहायचं ते गणिती किल्लीने आधी विस्कटून लिहायचं. किल्ली असेल तर मजकूर, नसेल तर अर्थहीन आकडे. मग १ टीबीची डिस्क पुसायची म्हणजे अवघ्या २५६ बिटांची, म्हणजे ३२ बाइटांची किल्ली पुसायची. जुनी पानं कुठल्या कोपऱ्यात उरली याची मग चिंता नको, कारण ती विस्कटलेलीच उरतात. आजचा आयफोन किंवा बऱ्यापैकी नवा अँड्रॉइड फोन फॅक्टरी रीसेट केल्यावर हेच घडतं. म्हणून तर तो एवढ्या लवकर आटोपतो.

अट एकच: एन्क्रिप्शन पहिल्या दिवसापासून चालू हवं. उघडाच लिहून ठेवलेला मजकूर नंतर कुलूपबंद केला, तरी आधीची काही पानं एसएसडीत उघडी पडून राहू शकतात. विंडोजमध्ये बिटलॉकर, मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट ही त्यासाठीची साधनं. बंद पडलेल्या डिस्कच्या बाबतीत तर याला पर्यायच नाही. वॉरंटीत बदलून घ्यायची डिस्क सुरूच होत नाही, म्हणजे ती पुसताही येत नाही, आणि कंपनी म्हणते जुनी परत द्या. दुरुस्ती केंद्रात नुसता सर्किट बोर्ड बदलला की तिच्यातलं सगळं पुन्हा दिसू शकतं.

हातोडा किती कामाचा

‘एवढं कशाला? घाला हातोडा!’ असं कुणीतरी म्हणतंच. त्याआधी हे ऐका: १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया अवकाशयान परतीच्या वाटेवर आकाशात फुटलं. कल्पना चावला त्यात होत्या. टेक्सासमध्ये पडलेल्या अवशेषांत एका प्रयोगाची हार्ड डिस्क सापडली, जळालेली, वेडीवाकडी. डेटा परत मिळवणाऱ्या तज्ज्ञांनी तिच्यातला सुमारे ९९ टक्के मजकूर बाहेर काढला, आणि झेनॉन वायूवरच्या त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या हातोड्याने बाहेरचं कवच चेपतं. तबकड्या आत शाबूत राहू शकतात. लॅपटॉपच्या छोट्या डिस्कच्या तबकड्या बहुधा काचेच्या असतात, त्या तेवढ्या चुरा होतात. आणि हो, फोडताना डोळ्यांवर चष्मा हवा.

डीगॉसर नावाचं यंत्र जबर चुंबकीय क्षेत्राने हार्ड डिस्क कायमची निकामी करतं. एसएसडीवर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही, कारण तिथे चुंबकत्वाचा संबंधच नाही. एसएसडी नष्ट करायची तर श्रेडरमध्ये घालून तिचे इतके बारीक तुकडे करावे लागतात, की एकही चिप अखंड राहू नये.

अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने या सगळ्याच्या तीन पायऱ्या केल्या आहेत: क्लिअर म्हणजे साधं ओव्हरराइट, पर्ज म्हणजे प्रयोगशाळेलाही दाद न देणारं पुसणं, आणि डिस्ट्रॉय म्हणजे वस्तूच नष्ट करणं. जगभरच्या कंपन्या हीच भाषा वापरतात. चांगली चालणारी डिस्क नुसत्या भीतीपोटी फोडणं मला उधळपट्टी वाटते. नीट पर्ज केलेली डिस्क एखाद्या शाळेच्या संगणकात आणखी चार-पाच वर्षं सहज काढेल.

> चौकट: देण्यापूर्वी
> फोन: खात्यातून लॉग आउट, मग फॅक्टरी रीसेट, मेमरी कार्ड काढून ठेवा.
> हार्ड डिस्क: एकदा पूर्ण ओव्हरराइट.
> एसएसडी: सिक्युअर इरेझ किंवा सॅनिटाइझ, त्याआधीपासून एन्क्रिप्शन असेल तर उत्तम.
> पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड: यांना पुसण्याची खात्रीची आज्ञा नसते. महत्त्वाचं काही असेल तर विकू नका, तोडा.
> पुसून झाल्यावर रिकव्हरीचं एखादं सॉफ्टवेअर चालवून बघा. काही सापडलं, तर ते परक्याआधी तुम्हाला सापडलेलं बरं.

घोळ होतो तो टेम्पोत

मॉर्गन स्टॅन्ली या अमेरिकी वित्तसंस्थेने २०१६ मध्ये दोन डेटा सेंटर बंद केली आणि यंत्रं हलवून पुसण्याचं काम सामान वाहतुकीच्या एका कंपनीला दिलं. डेटा नष्ट करण्याचा तिला काही अनुभव नव्हता. यंत्रं पुढे विकली गेली, त्यांतली काही इंटरनेटवरच्या लिलावात पोचली, आणि ग्राहकांची माहिती आत तशीच होती. बँकेला हे कळलं कसं? ओक्लाहोमातल्या एका संगणक सल्लागाराने अशा डिस्क विकत घेतल्या आणि ‘तुमचा डेटा माझ्याकडे आहे’ असा ईमेल बँकेलाच पाठवला. शाखांमधली यंत्रं बदलताना ४२ सर्व्हरचाही ठावठिकाणा लागेना. त्यांत एन्क्रिप्शनची सोय होती. वर्षानुवर्षं ती कुणी चालूच केली नव्हती. २०२० मध्ये सहा कोटी डॉलरचा आणि २०२२ मध्ये साडेतीन कोटी डॉलरचा दंड झाला. दुसऱ्या दंडाच्या वेळी बाधित ग्राहकांचा आकडा दीड कोटीच्या घरात सांगितला गेला.

यात कुठेही तंत्रज्ञान अपुरं पडलेलं नाही. कोणती डिस्क कुठे गेली, कुणी पुसली, कुणी तपासली याचा कागद नव्हता. म्हणून पुसल्याचं प्रमाणपत्र घेताना त्यावर प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर आहे ना, हे बघावं. ‘५० नग नष्ट केले’ या एका ओळीला काही अर्थ नाही. आपल्याकडे ई-कचरा नियम, २०२२ प्रमाणे नोंदणीकृत रिसायकलरकडेच माल द्यायचा असतो. पण ती नोंदणी पर्यावरणासाठी आहे, डेटाची हमी तिच्यात नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मात्र लोकांची माहिती नीट न सांभाळणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करतो.

राउटरकडे कुणी बघतच नाही

डिस्कची एवढी काळजी घेणारी ऑफिसंसुद्धा राउटर, स्विच, फायरवॉल ही खोकी मात्र धूळ झटकून तशीच विकतात. त्यांत फाइली कुठे असतात, असा समज. ईसेट या सुरक्षा कंपनीने जुन्या बाजारातून १८ राउटर घेतले आणि २०२३ मध्ये सांगितलं, की तपासता आलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक राउटरांत आधीच्या मालकाची जुळणी जशीच्या तशी होती.

या जुळणीच्या फाइलला कॉन्फिगरेशन म्हणतात. ती काही केबींची साधी मजकुराची फाइल. पण वाचत गेलं की कंपनीचं नाव कळतं, शाखा कुठे कुठे, कोणता सर्व्हर कोणत्या पत्त्यावर, व्हीपीएनने कोण कुणाला जोडलेलं आहे आणि त्याची गुप्त किल्ली कोणती, प्रशासकांची खाती कोणती, हे सगळं ओळीने कळत जातं. सिस्कोच्या उपकरणांत ‘टाइप ७’ प्रकारचे पासवर्ड गिचमिड दिसतात, पण ते क्षणात उलगडतात. आणि राउटरला पासवर्ड आहे म्हणून निश्चिंत राहावं, तर कन्सोल केबल लावून, सुरू होतानाच जुळणी न वाचण्याची सूचना देऊन आत शिरायची रीत उत्पादकांनीच दिलेली असते, विसरलेल्या पासवर्डासाठी.

पुसण्याची आज्ञाही अर्धवट ठरू शकते. सिस्कोच्या अनेक स्विचांवर ‘राइट इरेझ’ने सुरुवातीची जुळणी जाते, पण व्हीलॅनची, म्हणजे नेटवर्कच्या आतल्या विभागांची, माहिती फ्लॅश मेमरीतल्या वेगळ्या फाइलीत असते, ती वेगळी काढावी लागते. एखाद्या इंजिनिअरने बदल करण्याआधी त्याच फ्लॅशमध्ये जुन्या जुळणीची प्रत ठेवली असेल, तर ती तिथेच असते. नव्या मॉडेलांत पूर्ण फॅक्टरी रीसेटची आज्ञा आहे. असेल तिथे तीच वापरावी. मग खोक्यावर चिकटवलेलं ‘ठाणे शाखा, दुसरा मजला’ असं लेबलही खरवडून काढावं. पुसूनच देण्याचा हा नियम सोसायटीच्या सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला आणि मोठ्या फोटोकॉपी यंत्रालाही लागू आहे. न्यूयॉर्कमधल्या ॲफिनिटी हेल्थ प्लॅन या आरोग्ययोजनेने भाड्याची फोटोकॉपी यंत्रं आतल्या हार्ड डिस्कसकट परत केली, आणि रुग्णांच्या नोंदी गेल्याबद्दल २०१३ मध्ये तिला १२ लाख डॉलर मोजावे लागले. घरच्या राउटरचं मागचं बारीक भोक टाचणीने दहा-पंधरा सेकंद दाबून धरलं, की वायफायचा पासवर्ड आणि ब्रॉडबँडचं युजरनेम जातं.

राउटर आधीच विकून टाकला असेल, तरी एक सोय उरते. डिस्कवरचा फोटो एकाच जागी असतो. राउटरमधलं गुपित मात्र दोन्ही टोकांना असतं. व्हीपीएनची किल्ली समोरच्या शाखेतल्या राउटरवर बदलली, नेटवर्क देखरेखीचे पासवर्ड बदलले, गेलेल्या राउटरच्या नावाचं प्रमाणपत्र रद्द केलं, की भंगारवाल्याकडच्या खोक्यातल्या जुन्या किल्ल्या कुठेच लागत नाहीत. आतला नकाशा, म्हणजे पत्ते आणि शाखांची नावं, तेवढा परत येत नाही. किल्ल्या आणि पासवर्ड बदलण्याचं हे काम उपकरण काढायच्या दिवशीच यादीत लिहून ठेवावं, कारण आठवड्याभराने ते कुणाचंच नसतं.